टाचणाची उजवी बाजू

बी.एड.च्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या एका छात्राध्यापकांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे: ‘मी मूळचा मोहोळ तालुक्यातला. सध्या माझी आंतरवासिता (शाळेतला प्रत्यक्ष अध्यापनाचा सराव) सोलापूर शहराच्या पूर्व भागातील एका मराठी माध्यमाच्या शाळेत चालू आहे. सहावीच्या वर्गात ५४ मुले आहेत. पूर्णांकयुक्त अपूर्णांकांकडे जाण्यापूर्वी भिन्नछेद अपूर्णांकांच्या बेरजेची उजळणी घ्यायची होती. नीट टाचण (पाठाचा लेखी आराखडा) काढले, तक्ते केले. प्रत्येक पायरीनंतर “समजले का?” असे विचारले आणि वर्गाने “हो सर” म्हटले. शेवटची दहा मिनिटे उरली असताना १/२ + १/३ हे उदाहरण सोडवायला दिले, तर निम्म्याहून अधिक वह्यांत २/५ असे उत्तर आले. मी तेच स्पष्टीकरण पुन्हा, अधिक सावकाश आणि मोठ्याने दिले. तोवर घंटा झाली. मार्गदर्शक शिक्षकांनी शेरा लिहिला, “वर्गानुसार बदल करावा.” बदल म्हणजे नेमके काय करायचे, कधी करायचा, आणि ऐनवेळी बदलच करायचा असेल तर टाचण कशासाठी काढायचे?’

मी सोलापुरात ११ वर्षे शाळेत शिकवले आणि त्यानंतर १५ वर्षे अध्यापक महाविद्यालयात छात्राध्यापकांचे पाठ पाहत आले आहे. तुम्हाला मिळाला तसा शेरा मीही पुष्कळ पाठवह्यांवर लिहिला आहे, आणि तो लिहिताना समोरच्या माणसाला त्यातून काहीच करता येणार नाही, हे माझ्या बऱ्याच उशिरा लक्षात आले. म्हणून या उत्तरात तो शेरा मला सविस्तर उलगडायचा आहे. तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देते: ऐनवेळी बदल करता यावा, एवढ्यासाठीच टाचण काढायचे. मात्र त्यात आपण जे लिहितो आणि जिथे लिहितो, ते बदलावे लागते.

आधी ते २/५ नीट पाहू. तुम्ही ते चूक म्हणून पाहिले आणि योग्य रीत पुन्हा सांगितली. पण निम्म्याहून अधिक मुले एकमेकांचे न पाहता एकच चूक करतात, तेव्हा त्या चुकीमागे विचार असतो. मुलाला १/२ मध्ये एक संख्या दिसत नाही. आडव्या रेषेच्या वर एक आणि खाली दोन अशा दोन संख्या दिसतात. बेरीज म्हणजे मिळवणे, हे त्याला पहिलीपासून ठाऊक आहे, म्हणून तो वरचे वरच्यांत आणि खालचे खालच्यांत मिळवतो. शिवाय असे मिळवणे त्याच्या अनुभवात एका ठिकाणी अगदी बरोबर असते. चाचणीत पहिल्या प्रश्नाला २ पैकी १ गुण मिळाला आणि दुसऱ्याला ३ पैकी १ मिळाला, तर एकूण ५ पैकी २ गुण मिळतात. गुणपत्रिका तशीच भरतात आणि बाईही तशीच बेरीज करतात. इथे मात्र तसे चालत नाही, कारण गुणांच्या हिशोबात दोन प्रश्न मिळून ‘पूर्ण’ मोठे होते, आणि अपूर्णांकांच्या बेरजेत दोन्ही भाग एकाच पूर्णाचे असतात. हा फरक तुमच्या स्पष्टीकरणात कुठेच नव्हता, कारण मुलांच्या मनात गुणांची बेरीज असेल असे तुम्हाला वाटलेच नव्हते. लसावि काढून छेद समान करण्याची रीत तुम्ही दुसऱ्यांदा सांगितलीत, तेव्हा मुले तुमचे ऐकत होती आणि आपल्या रीतीत काय बिघडले हे त्यांना तेव्हाही कळले नव्हते.

त्या दहा मिनिटांत काय करता आले असते? मी फळ्यावर २/५ तसेच ठेवले असते, बरोबर की चूक हे सांगितले नसते, आणि विचारले असते: ‘तुमच्या ताटात अर्धी भाकरी आहे. आईने आणखी एक तुकडा वाढला. आता ताटात अर्ध्या भाकरीपेक्षा जास्त आहे की कमी?’ जास्त, असे सगळी मुले सांगतात. मग पुढचा प्रश्न: ‘२/५ म्हणजे अर्ध्यापेक्षा जास्त की कमी?’ इथे वर्ग शांत होतो. पाच तुकड्यांपैकी अडीच तुकडे म्हणजे अर्धे, आणि आपल्याकडे दोनच आहेत, हे कुणीतरी बोटांवर मोजून सांगते. वाढल्यावर भाकरी कमी कशी झाली, हा प्रश्न त्यानंतर मुलांचा होतो आणि तो सोडवण्याची निकड त्यांना स्वतःला वाटू लागते. तो क्षण आल्याशिवाय समान छेदाची रीत सांगण्यात अर्थ नसतो, असे माझे ठाम मत आहे.

पुढची पायरी चौकटीच्या वहीत करता येते आणि तिला पैशाचेही साहित्य लागत नाही. बारा चौकटींची एक पट्टी आखायला सांगा. तिची अर्धी पट्टी म्हणजे सहा चौकटी, एक तृतीयांश म्हणजे चार चौकटी. दोन्ही वेगवेगळ्या रंगांनी रंगवल्या की बारापैकी दहा चौकटी रंगतात. कुणी सहा चौकटींची पट्टी घेतली, तर तीन आणि दोन मिळून सहापैकी पाच रंगतात. १०/१२ आणि ५/६ एकच आहेत का, हा वाद मुले आपण होऊन घालतात. पाच चौकटींची पट्टी घेणाऱ्यालाही अडवू नका. त्याला तिचा अर्धा भाग रंगवताना चौकट मधोमध चिरावी लागते, तृतीयांश करताना तर तो अडकतोच, आणि दोघांनाही पुरेल असा छेद कशाला हवा हे त्याला हातांनी कळते. तुमच्या टाचणातला लसावि इथे येतो. तोवर त्याची गरज मुलांना पटलेली असते.

तुम्ही वर्गाला प्रत्येक पायरीनंतर ‘समजले का?’ असे विचारले. हा प्रश्न तुमच्या बोलण्यातून काढून टाका, अशी माझी कळकळीची विनंती आहे. ‘हो सर’ हे त्या प्रश्नाचे उत्तर नसते. मोठ्या माणसाने विचारले की द्यायचा तो आदराचा प्रतिसाद असतो, आणि आपल्याकडची मुले तो मनापासून देतात. ज्याला समजले नाही, त्याला आपल्याला समजले नाही हेच बहुतेक वेळा माहीत नसते. त्यामुळे चेहऱ्यांवरून आणि होकारावरून वर्ग ओळखता येतो हा समज सोडावा लागतो. मला स्वतःला तो सोडायला बरीच वर्षे लागली, कारण समोरचे हसरे चेहरे पाहून आपण चांगले शिकवतो आहोत असे वाटणे सुखाचे असते.

त्याऐवजी वह्या पाहा. ३५ मिनिटांच्या तासिकेत दहाव्या मिनिटाच्या आत मुलांच्या हातून काहीतरी लिहिले गेले पाहिजे, मग ते एकच उदाहरण का असेना. ती लिहीत असताना फळ्याजवळ उभे राहू नका. बाकांच्या ओळींमधून फिरा, प्रत्येक ओळीतली पहिली, मधली आणि शेवटची वही पाहा, आणि पाहताना कुणालाही दुरुस्त करू नका. ५४ मुलांच्या वर्गात साधारण बारा वह्या पाहून होतात आणि त्याला तीन मिनिटे पुरतात. एवढ्यावरून पुढच्या पंधरा मिनिटांचा निर्णय घेता येतो. तुमच्या पाठात हे पाहणे शेवटच्या दहा मिनिटांत आले, म्हणून बदल करायला वेळच उरला नाही. तुमची चूक शोधायचीच असेल, तर ती स्पष्टीकरणात नाही. वह्या पाहायला लागलेल्या उशिरात आहे.

प्रश्न विचारल्यावर थांबण्याबद्दलही इथेच सांगते. मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेने १९७० च्या दशकात वर्गातल्या संवादांचा अभ्यास केला, तेव्हा शिक्षक प्रश्न विचारल्यावर सरासरी एखादाच सेकंद थांबतात असे तिला आढळले. हा थांबा तीन सेकंदांपर्यंत वाढवला की मुलांची उत्तरे लांबतात, आणि एरवी न बोलणारी मुलेही बोलू लागतात. पूर्व भागातल्या तुमच्या वर्गात तर तीन सेकंदही मला कमी वाटतात. तिथल्या पुष्कळ मुलांच्या घरी तेलुगू बोलतात; त्यांना तुमचा मराठी प्रश्न मनात घरच्या भाषेत नेऊन, तिथे उत्तर शोधून, ते पुन्हा मराठीत आणावे लागते. तुम्ही मनात सावकाश पाच अंक मोजा आणि मगच नाव घ्या.

हाच मुद्दा मी एका मुलीकडून शिकले, आणि ते शिकण्याआधी मी तिला विनाकारण त्रास दिला होता. शाळेतल्या माझ्या पहिल्याच वर्षी पाचवीच्या वर्गात मी रोज संख्यांचे श्रुतलेखन घेत असे. एक मुलगी ‘सत्तेचाळीस’ ऐकून ७४ लिही, ‘त्रेसष्ट’ ऐकून ३६ लिही. उजळणी पाठ होती, बेरीज-वजाबाकी चोख होती. मी तिला निष्काळजी ठरवले आणि चुकलेली प्रत्येक संख्या दहा-दहा वेळा लिहायला लावली. तिने तक्रार न करता सगळे लिहिले, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा ७४ लिहिले. मग एका दुपारी ती व्हरांड्यात गोट्या मोजत होती. मी मागून चालले होते, तेव्हा तिच्या तोंडून ‘नलभै एडु’ असे शब्द ऐकू आले. शाळेतल्या एका सहकारी बाईंना मी अर्थ विचारला. त्यांचे घर पद्मशाली समाजातले, तेलुगू बोलणारे. त्या म्हणाल्या, ‘सत्तेचाळीस. नलभै म्हणजे चाळीस, एडु म्हणजे सात.’

मी तिथेच थांबले. तेलुगूत आधी चाळीस येतात आणि मग सात. कानडीतही ‘नलवत्तेळु’ म्हणताना चाळीस आधी येतात. अंकांत लिहितानाही आधी ४ आणि मग ७ असेच येते. म्हणजे तिच्या घरच्या भाषेत संख्या ज्या क्रमाने ऐकू येते त्याच क्रमाने लिहायची असते, आणि ती तेच करत होती. मराठीत मात्र ‘सत्तेचाळीस’ म्हणताना सात आधी ऐकू येतात. ती मुलगी कानाला जे आले ते इमानाने लिहीत होती, आणि मी त्या इमानदारीला निष्काळजीपणा म्हणत होते. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘सत्तावीस’च्या जोडीला ‘वीस सात’ असे वाचन आले आणि त्यावरून महाराष्ट्रात मोठा वाद झाला, तेव्हा मला सारखी हीच मुलगी आठवत होती. त्या वादात दोन्ही बाजूंनी भाषेच्या अभिमानाचे पुष्कळ बोलले गेले. सोलापूरच्या पूर्व भागातल्या वर्गात ‘सत्तेचाळीस’ ऐकल्यावर मुलाचा हात आधी कुठला अंक लिहितो, याबद्दल फारच थोडे बोलले गेले.

त्या दिवसानंतर मी तिच्यासाठी केलेला बदल अगदी लहान होता. श्रुतलेखनात संख्या सांगितल्यावर मी विचारू लागले, ‘यात दहा-दहाचे गठ्ठे किती?’ मुले आधी ते सांगत आणि मग लिहीत. दोन आठवड्यांत तिच्या चुका जवळजवळ थांबल्या. वर्गातल्या मराठी घरांतल्या मुलांनाही त्याचा उपयोग झाला, कारण ‘एकोणसाठ’ ऐकून ६९ लिहिणारी मुले त्यांच्यातही होती.

ही हकिकत लांबली खरी, पण तुमच्या अपूर्णांकांशी तिचा थेट संबंध आहे. तुम्ही मोहोळ तालुक्यातले, म्हणजे पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड हे शब्द तुमच्या कानावर लहानपणापासून आहेत. या शब्दांवरून अपूर्णांक सोपे होतील असे गृहीत धरून तुम्ही प्रस्तावना केली असेल, तर ती अर्ध्या वर्गाच्या डोक्यावरून गेली असण्याची शक्यता आहे. पण उलटही पाहा. ‘पाऊण’ हा शब्द ‘पादोन’वरून आला. पाद म्हणजे चौथा भाग, ऊन म्हणजे कमी. एकात पाव कमी, असा त्याचा अर्थ आहे. त्यातून ३/४ थेट दिसत नाही. तेलुगूत पाऊणला ‘मुप्पावु’ म्हणतात, म्हणजे तीन पाव. कानडीत ‘मुक्कालु’ म्हणतात; ‘कालु’ म्हणजे पाव, म्हणून तेही तीन पावच. ज्या मुलाला तुम्ही मराठीत कच्चे समजता, त्याच्या घरच्या शब्दात ३/४ चा अंश आणि छेद दोन्ही उघड मांडलेले आहेत. उद्या वर्गात विचारून पाहा, ‘तुमच्या घरी पाऊण किलोला काय म्हणतात?’ शेवटच्या बाकावरचे कुणीतरी कदाचित पहिल्यांदाच हात वर करील. त्याने सांगितलेला शब्द फळ्यावर देवनागरीत लिहा, त्याचा अर्थ त्यालाच सांगायला लावा, आणि मग मराठी मुलांना विचारा की तुमच्या ‘पाऊण’मध्ये तीन कुठे आहेत. तो तास कुठल्याही तक्त्यापेक्षा जास्त काम करतो. तुम्हाला तेलुगू किंवा कानडी येण्याची यासाठी गरज नाही. मलाही मोजके शब्द सोडले तर येत नाही. विचारण्याची सवय तेवढी लागते.

अक्कलकोट किंवा दक्षिण सोलापूर तालुक्याच्या सीमेलगतच्या शाळेत गेलात, तर हेच कानडीच्या बाबतीत अनुभवाल. मराठीत खुर्ची ती, फळा तो, पुस्तक ते. कानडीत निर्जीव वस्तूंना असे पुल्लिंग-स्त्रीलिंग नसते. त्यामुळे तिथल्या मुलाने ‘ते खुर्ची’ लिहिले, तर त्यावर लाल शाईची फुली मारण्याआधी आपल्याला थोडे थांबता आले पाहिजे. ‘मी येऊलालो’ असे सोलापुरी बोलणाऱ्या मराठी मुलाच्या बाबतीतही तसेच. त्याचे बोलणे चूक नाही, प्रमाण लेखनाची रीत वेगळी आहे, एवढेच त्याला सांगायचे असते.

आता टाचणाकडे येते. आपल्या पद्धतीत टाचणाला दोन रकाने असतात: डावीकडे अध्यापकाची कृती, उजवीकडे विद्यार्थ्यांची कृती. छात्राध्यापक डावा रकाना रात्री जागून लिहितात. उजव्यात मात्र ‘विद्यार्थी लक्षपूर्वक ऐकतील’, ‘विद्यार्थी उत्तरे देतील’, ‘विद्यार्थी वहीत लिहून घेतील’ अशी वाक्ये येतात, आणि ती कुठल्याही पाठात कुठेही चालतात. मी हजारो टाचणे तपासली असतील; त्यांत उजव्या रकान्यात चुकीचे उत्तर लिहिलेले टाचण मला फार क्वचित दिसले. वर्गाशी जुळवून घेण्याचे सारे काम त्या रिकाम्यासारख्या रकान्यात दडलेले असते. यापुढे तो रकाना आधी लिहा. प्रत्येक मुख्य प्रश्नासमोर मुले देतील अशी दोन चुकीची उत्तरे लिहा, आणि प्रत्येकाखाली मुलाने तसे का म्हटले असेल ते एका ओळीत लिहा. मग डाव्या रकान्यात, त्या उत्तरासमोर, तुमचा पुढचा प्रश्न येईल. तुमच्या पाठासाठी उजवीकडे ‘२/५: गुणांसारखी बेरीज केली’ आणि डावीकडे ‘अर्ध्यापेक्षा जास्त की कमी?’ एवढे लिहिलेले असते, तर २/५ समोर आल्यावर तुम्ही गोंधळला नसता. मनात आधी तयार असलेली वाट तुम्ही तेव्हा सहज धरली असती. वर्गात सुचले असे जे अनुभवी शिक्षकांबद्दल म्हणतात, त्यातले बरेचसे आदल्या रात्री किंवा आधीच्या वर्षी लिहून झालेले असते.

सगळी चुकीची उत्तरे आधी ओळखता येणार नाहीत, हे उघड आहे. पहिल्या महिन्यात तर निम्मी चुकतील. त्यासाठी पाठ झाल्यावर त्याच दिवशी, शाळेतून निघण्याआधी, मुलांनी प्रत्यक्षात दिलेली उत्तरे उजव्या रकान्यात वेगळ्या शाईने लिहा. मनन म्हणून ‘पाठ चांगला झाला, मुलांनी उत्स्फूर्त प्रतिसाद दिला’ असे जे लिहिले जाते, त्याच्या जागी एवढेच पुरे आहे. सोळा आठवड्यांत अशी एक वही भरली, तर पुढची दहा वर्षे ती तुम्हाला उपयोगी पडेल.

सूक्ष्म अध्यापनात, म्हणजे सहाध्यायांसमोर घेतलेल्या छोट्या सराव-पाठांत, तुम्हाला ही अडचण का आली नाही, असा प्रश्न तुमच्या मनात असेल. सूक्ष्म अध्यापन १९६३ च्या सुमारास स्टॅनफर्ड विद्यापीठात ड्वाइट ॲलन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आकाराला आणले. आपल्याकडे त्याचे ३६ मिनिटांचे चक्र रूढ झाले: सहा मिनिटे पाठ, सहा मिनिटे प्रत्याभरण (पाठावरचा अभिप्राय), बारा मिनिटे पुनर्नियोजन, पुन्हा सहा मिनिटे पाठ आणि सहा मिनिटे प्रत्याभरण. प्रश्न विचारणे, फलकलेखन, दृढीकरण ही एकेक कौशल्ये हाताला बसण्यासाठी ते चांगलेच आहे. पण तिथे विद्यार्थी म्हणून बसलेले तुमचे सहाध्यायी पदवीधर असतात. १/२ आणि १/३ ची बेरीज त्यांना येते, आणि मैत्रीखातर ते हवे तेच उत्तर हव्या त्या वेळी देतात. तिथे २/५ कधीच समोर येत नाही. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४ च्या नियमांनी बी.एड. दोन वर्षांचे केले आणि शाळेतल्या अनुभवासाठी २० आठवडे, त्यांपैकी दुसऱ्या वर्षात १६, ठेवले, ते मला म्हणूनच फार मोलाचे वाटतात. हे आठवडे नुसते पाठांची संख्या पूर्ण करण्यात घालवू नका. ज्या दिवशी तुमचा पाठ नसेल, त्या दिवशी मागच्या बाकावर बसून एकाच मुलाची वही तासभर पाहत राहा.

बदल करताना एक धोका सतत राहतो, आणि त्याबद्दल मला स्पष्टच बोलले पाहिजे. वर्गाला जमत नाही असे दिसले की शिक्षक उदाहरणे सोपी करतो, मग फळ्यावरून उतरवून घ्यायला सांगतो, मग स्वाध्यायाची उत्तरे लिहून देतो. यालाही वर्गानुसार बदल म्हटले जाते. यंत्रमाग कामगारांच्या आणि विडी कामगारांच्या वस्त्यांतल्या शाळांत मी हे इतक्यांदा पाहिले आहे की त्याचा मला आजही संताप येतो. ‘ही मुले एवढेच करू शकतात’ असे दयेने बोलणारा शिक्षक त्या मुलांचे मोठे नुकसान करतो. मुलाने भिन्नछेद अपूर्णांकांची बेरीज समजून करावी, हे तुमचे उद्दिष्ट तसेच राहिले पाहिजे. भाकरी घ्या, चौकटी घ्या, तेलुगू शब्द घ्या, एकाऐवजी तीन तास घ्या; पण तिसऱ्या तासाच्या शेवटी त्या मुलासमोर १/२ + १/३ हेच उदाहरण असले पाहिजे. या मुलांना हिशोब येत नाही असेही समजू नका. आई घरी विड्या वळते आणि तिची मजुरी हजार विड्यांच्या दराने ठरते, तिथली सहावीतली मुलगी साडेसातशे विड्यांचे किती होतील हे तोंडी सांगते. ती ३/४ चेच गणित करत असते. ते तिला कागदावर ओळखू येत नाही, आणि ओळख करून देणे हे आपले काम आहे.

गृहपाठाचेही थोडक्यात सांगते. यंत्रमागावर रात्रपाळी करून आलेले वडील दिवसा झोपलेले असतात, आणि एका खोलीच्या घरात मुलाला मोठ्याने पाठांतर करता येत नाही. ‘घरी पालकांची मदत घ्या’ हे वाक्य तुमच्या टाचणात असेल तर ते काढा. गृहपाठ कमी द्या, पण मुलाला एकट्याने करता येईल असा द्या. मार्चपासून सकाळची शाळा सुरू झाली की तासिका आखूड होतात. तेव्हा ३५ मिनिटांचा पाठ घाईने कोंबू नका, एक उपघटक सरळ दुसऱ्या दिवसावर न्या. जानेवारीत सिद्धेश्वरांच्या यात्रेच्या दिवसांत उपस्थिती रोडावते, म्हणून त्या आठवड्यात नवा घटक सुरू करू नये.

बदल करण्याच्या नादात आपल्याला सगळे आले पाहिजे असे दडपण घेऊ नका. माझी एक छात्राध्यापिका आठवीला सविनय कायदेभंगाचा पाठ घेत होती. मे १९३० मध्ये सोलापुरात मार्शल लॉ पुकारला गेला आणि १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांना येरवड्याच्या तुरुंगात फाशी दिली गेली, हे तिने नीट सांगितले. वर्गातली बहुतेक मुले त्या चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांवरून रोज शाळेत येत होती. एका मुलाने विचारले, ‘बाई, मार्शल लॉमध्ये न्यायालये चालू होती का?’ तिला उत्तर माहीत नव्हते. टाचणात तो प्रश्न नव्हता, आणि मी मागे निरीक्षणाला बसलेली. तिने क्षणभर माझ्याकडे पाहिले आणि मुलाला म्हणाली, ‘मला हे माहीत नाही. तुझा प्रश्न फळ्याच्या कोपऱ्यात लिहिते आणि गुरुवारी उत्तर आणते.’ प्रश्न त्या मुलाच्या शब्दांत तिने लिहिला, पुढे पाठ चालू ठेवला, आणि गुरुवारी खरोखरच उत्तर आणले. त्या पाठाला मी दिलेले गुण त्या वर्षातले माझे सर्वाधिक गुण होते.

यावरून तुमच्या मनातल्या, पण प्रश्नात न लिहिलेल्या शंकेकडे येते. टाचणाबाहेर गेले तर निरीक्षक गुण कापतील, ही भीती खरी आहे. काही निरीक्षक अजूनही टाचण हातात धरून ओळीला ओळ जुळते का ते पाहतात, आणि त्यात दोष आम्हा प्रशिक्षकांचा आहे. त्यावर उपाय एवढाच आहे की पाठाआधी टाचण दाखवताना उजवा रकाना त्यांच्या पुढे करा आणि सांगा, ‘सर, मुलांकडून हे उत्तर आले तर मी या वाटेने जाणार आहे.’ आधी लिहून दाखवलेल्या बदलाला टाचणाबाहेर गेलात असे कुणाला म्हणता येत नाही. तुमच्या मार्गदर्शकांनाही त्या शेऱ्याबद्दल जाऊन विचारा. एवढा नेमका प्रश्न घेऊन आलेला छात्राध्यापक त्यांना आवडेल, असे मला वाटते.

त्या दिवशीच्या वह्या तुमच्याकडे असतील, तर त्यांवर अजून फुल्या मारू नका. २/५ लिहिणाऱ्या वह्या एका बाजूला काढा आणि उरलेल्यांत ५/६ खेरीज आणखी काय आहे ते पाहा. कुणी १/५ लिहिले असेल, कुणी २/६. ही वेगळी मुले आहेत, त्यांचा विचार वेगळा आहे, आणि भाकरीचा प्रश्न त्यांना कदाचित लागू पडणार नाही. २/६ लिहिणाऱ्याला समान छेद आठवला आहे, पण अंश बदलायचा राहिला आहे; तो जवळजवळ पोहोचला आहे. त्याला सहा चौकटींची पट्टी देऊन तिचा अर्धा भाग रंगवायला सांगा आणि किती चौकटी रंगल्या ते त्यालाच मोजू द्या. २/५ वाल्यांपैकी दोघांना तासाच्या सुरुवातीला फळ्याजवळ बोलावून, उत्तर कसे काढले ते त्यांच्याच शब्दांत सांगू द्या. तेलुगूत सांगितले तरी चालेल, शेजारचे मूल मराठीत सांगेल. ते जे बोलतील ते उजव्या रकान्यात लिहून घ्या, आणि पुढच्या तासाचे टाचण त्यानंतर लिहायला बसा.